सेन्सर दोनदा बदलला, दिवा जात नाही

प्रश्न : नमस्कार दादा, माझी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ८५ हजार किमी झालेत. चेक इंजिनचा दिवा लागला, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी०१३५ हा दोषाचा कोड आला. ओरिजिनल ऑक्सिजन सेन्सरचा भाव ऐकून पोटात गोळा आला, म्हणून दीड हजारवाला बाहेरचा टाकला, जुन्याचा सॉकेट कापून नव्याला जोडला. दिवा गेला आणि तिसऱ्या दिवशी परत हजर, आता पी०१३५ सोबत पी०१३१ पण. दुसरा सेन्सर टाकला तरी तेच. आता मेकॅनिक म्हणतो ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला, २० हजार लागतील. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अहो थांबा, २० हजार खिशातच ठेवा. ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, आणि पी०१३५ म्हणजे पुढच्या (इंजिनकडच्या) सेन्सरला तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड, बस एवढंच. सेन्सर गेला असं तो कोड म्हणत नाही, त्यात फ्यूज, वायर, सॉकेट सगळंच आलं. पी०१३१ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज फार कमी. आणि दिवा दोन दिवस गेला होता तो काही सेन्सरच्या गुणाने नाही, कोड पुसला म्हणून गेला. असे बरेच कोड लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक) दोष दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते "सॉकेट कापून जोडला". तिथली टेप सोडा आणि रंग बघा. बॉशच्या चार वायरवाल्या सेन्सरला सहसा दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची आणि राखाडी सिग्नलच्या ग्राउंडची असते. डेन्सोच्या बऱ्याच सेन्सरला मात्र दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी ग्राउंडची. आता जुना एका पद्धतीचा, नवा दुसऱ्या, आणि पोऱ्याने काळ्याला काळी, पांढऱ्याला पांढरी जोडली की झालं कल्याण! हीटरला करंट नाही म्हणून पी०१३५, आणि सिग्नलची लाइन हीटरच्या कॉइलमधून ग्राउंडला खाली बसली म्हणून पी०१३१. दुसरा सेन्सरही जुन्या सॉकेटच्या त्याच शेपटीला तसाच जोडला असणार, मग कोड तरी कसा बदलेल. लक्षात ठेवायला सोपं, दोन्ही पद्धतींत एकाच रंगाच्या ज्या दोन वायरी असतात त्या हीटरच्या. आणि जोड क्रिंप करून (दाबून घट्ट बसवून) घ्या, सोल्डर नको, कारण बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत जाते, सोल्डरने ती वाट बुजते.

रंग बरोबर निघाले तर मल्टिमीटर घ्या. इंजिन गार असताना सॉकेट सोडून सेन्सरच्या हीटरच्या दोन वायरींत रेझिस्टन्स मोजा. बहुतेकांचा काही ओहम ते पंधराएक ओहम येतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, कारण बाहेरच्या सेन्सरचा हीटर चांगला असूनही आकडा वेगळा असला तर ईसीयूला करंट पटत नाही आणि तोच कोड येतो. फ्यूज तर आधीच बघून घ्या, किरकोळ किमतीची वस्तू असते.

ईसीयूची शंका फेडायची तर कोड पुसा, सॉकेट सोडा, गाडीकडच्या सॉकेटच्या हीटरच्या दोन पिनांत ५ वॅटचा छोटा बल्ब लावा आणि गाडी स्टार्ट करा. बल्ब पेटला किंवा लुकलुकला म्हणजे ईसीयू हीटरला करंट देतोय, मग तो बदलायचा विषयच संपला. नाही पेटला तर आधी त्या दोन पिनांपैकी एकीवर १२ व्होल्ट येतात का ते बघा, लगेच ईसीयूला शिव्या नकोत.

चुकीचं जोडल्यामुळे नवा सेन्सर आतून गेलाही असेल, तेव्हा वायरी नीट केल्यावर सिग्नलच्या व्होल्टेजचा ग्राफ बघाच. गरम इंजिनवर, २५०० आरपीएमला पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली झाला पाहिजे. त्यासाठी गाडीच्या स्कॅनरच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी डोंगल आणि फोन पुरतो. हलतच नसेल तर तिसरा सेन्सर घ्या, पण या वेळी तुमच्या गाडीचाच सॉकेट लावून आलेला, कापाकापी नको.

प्रश्न : मागचा ऑक्सिजन सेन्सर नवा टाकल्यावर पी०४२० यायला लागला. मेकॅनिक म्हणतो स्पेसर (सेन्सरखाली बसवायचा नळीसारखा तुकडा) लावू, कोड जाईल. लावू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कोड जाईल हो, पण कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तसाच राहील. पी०४२० हा त्याचाच कोड आहे. त्याच्या मागच्या सेन्सरचा ग्राफ जवळपास सरळ, ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास राहिला पाहिजे. तोही पुढच्यासारखा नाचत असेल तर कॅट थकलाय, जुना सेन्सर सुस्त होता म्हणून आजवर कळलं नाही. स्पेसर सेन्सरला धुरापासून लांब नेतो, म्हणून ग्राफ शांत दिसतो. त्याआधी सायलेन्सरच्या जोडांवर काळे डाग दिसतात का बघा, लीकेजमधून हवा आत आली तरी हाच कोड येतो आणि स्वस्तातल्या गॅस्केटवर काम भागू शकतं.