दहावीच्या वर्षी मुलीचा खो-खो बंद करावा का? खेळात करिअर करणार नसेल तर शाळेत खेळायचं तरी कशाला?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीपासून शाळेच्या खो-खो संघात आहे, यंदा दहावीला आहे, शाळेने दहावीचे पीटीचे तास गणित-विज्ञानाला देऊन टाकलेत आणि घरात आजीपासून काकांपर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं आहे, "आता वर्षभर खेळ बंद." मी तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि खो-खो हा माझाच खेळ आहे. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

बंद करू नका.

वेळेचं गणित तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, विभाग, राज्य. बहुतेक संघ तालुक्यात किंवा जिल्ह्यातच बाद होतात, म्हणजे दिवाळीच्या आत मोकळे. बोर्डाची परीक्षा त्यानंतर काही महिन्यांनी. संघ पुढे गेलाच, तर खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, पातळी जेवढी वरची तेवढे जास्त. स्पर्धा संपल्या की संध्याकाळचा तासभर सराव तेवढा ठेवा. तो तास काढून घेतला तर ती त्या तासात अभ्यासच करेल असं घरातल्या सगळ्यांनी धरलेलं असतं. माझ्या वर्गातल्या मुलींचं मी उलट पाहत आलोय. झोप बिघडते, चिडचिड वाढते, पुस्तक उघडं राहतं आणि पान उलटत नाही. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहावीच्या मुलांना त्यातून सूट दिल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

मात्र गुणांसाठी खेळू नका. सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण या दोन्ही गोष्टी चांगल्या हेतूने आल्या. पण त्यांच्यामुळे बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचा बाजारही उभा राहिला. जो खेळ कधी पाहिलासुद्धा नाही त्याचं प्रमाणपत्र मुलाच्या हातात देणारे आईबाप त्याला नेमकं काय शिकवतात, याचा विचार करून मला खरोखर त्रास होतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला जास्त बोलायचंय ते त्यावरच. करिअर करणार नसेल तर शाळेत खेळायचं कशाला?

कारण बहुतेक मुलांसाठी शाळेचं मैदान हेच एकमेव मैदान असतं. शहरातल्या ज्या घरांना परवडतं तिथली मुलं बॅडमिंटनच्या कोर्टवर जातात, पोहायला जातात, फुटबॉलचा क्लास लावतात. त्यांच्या शाळेने पीटीचा तास खाल्ला तरी त्यांचं फार अडत नाही. मुलगे कसेही खेळतातच, गल्लीत, नदीच्या पात्रात, देवळामागच्या पटांगणात. राहतात त्या मुली. माझ्या शाळेत आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुली एसटीने येतात. शाळा सुटल्यावर स्टँडवर धावायचं, कारण पुढची गाडी अंधार पडल्यावर. घरी गेल्यावर भाकरी, भांडी, धाकट्या भावाला सांभाळणं. या मुलीला आठवड्याभरात मोठ्याने ओरडायला, जीव तोडून पळायला, मातीत सूर मारायला मिळतं ते पीटीच्या पस्तीस मिनिटांत. तो तास गणिताला गेला की तिचं खेळणं त्या दिवसापुरतं संपलं, आणि रोज गेला की कायमचं संपलं. चौदा-पंधराव्या वर्षी पळणं सोडलेली बाई पुन्हा कधी पळाल्याचं मी क्वचितच पाहिलंय.

"मुलींनाच आवड नसते हो," असं मला सहकारी शिक्षकही सांगतात. अमेरिकेत १९७२ मध्ये कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना संधी नाकारता येणार नाही. तेव्हा तिथल्या हायस्कुलांच्या संघांमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. आज त्या तीस लाखांहून जास्त आहेत. मुली काही बदलल्या नव्हत्या. मैदान, वेळ आणि शिकवणारं माणूस मिळालं, मग आवडही दिसू लागली.

आमच्याकडे त्यासाठी कायद्याबरोबरच काही साध्या गोष्टीही लागतात. सराव शेवटच्या गाडीच्या आधी संपला पाहिजे. मैदानाजवळ मुलींसाठी कडी लागणारं, पाणी असणारं स्वच्छतागृह पाहिजे. पाळीच्या दिवसांत बसायचं की खेळायचं हे तिचं तिला ठरवू दिलं पाहिजे. डब्यात शेंगदाणे-गूळ, जमलं तर अंडं पाहिजे, कारण आमच्या कितीतरी मुलींचं रक्त कमी असतं आणि पळताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा तिला आळशी म्हणण्याआधी रक्त तपासून घ्यावं. एवढं केलं की संघ तयार करायला मुली शोधाव्या लागत नाहीत.

खो-खोबद्दल बोलायला तुम्ही निमित्त दिलंय, तर बोलतो. दोन खांब आणि आखायला फक्की, एवढ्यावर हा खेळ होतो. पण नियम बघा. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठजण चौकोनांत बसलेले, एक आड एक उलट्या दिशांना तोंड करून. पळते ती एकटीच. तिला बसलेल्यांच्या रांगेची मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही. समोर हाताच्या अंतरावर संरक्षण करणारी मुलगी आहे, पण ती पाटीच्या पलीकडे आहे. मग काय करायचं? त्या बाजूला तोंड करून बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारायची, "खो" द्यायचा आणि तिच्या जागी बसायचं. म्हणजे आपल्याला गडी दिसतोय, दमही शिल्लक आहे, तरी संधी दुसरीच्या हातात द्यायची, कारण आत्ता ती योग्य जागी आहे. आणि बसलेलीने खो मिळेपर्यंत उठायचं नाही, पण मिळाला त्या क्षणी सुटायचं. गटाने काम करणं शिकवणारे दहा तास मी वर्गात घेतले तरी एवढं शिकवता येणार नाही. शिवाय शरीराने किरकोळ, कबड्डीत कुणी न घेणारी मुलगी इथे हुलकावणी देत तीन-तीन मिनिटं संरक्षण करून जाते. वर्गात तिचं नाव कुणाला माहीत नसतं, त्या दिवशी सगळी शाळा तिच्या नावाने ओरडते.

धाराशिवची सारिका काळे याच खेळाने घडली. भारतीय संघाची कर्णधार झाली, २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला, तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून तिने काम केलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आमच्या मुलींनी अंतिम सामना मोबाइलवर पाहिला. दुसऱ्या दिवशी सरावाला कुणाला बोलावावं लागलं नाही.

तरीही पदकांच्या गोष्टी सांगून मी तुम्हाला पटवणार नाही, कारण समाज म्हणून आपली गफलत तिथेच होते. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. त्यांच्या जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली. ही गोष्ट आम्ही दरवर्षी १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिनाला सांगतो आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळालं ते थेट २०२४ मध्ये, पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेला नेमबाजीत. बहात्तर वर्षं गेली. पदक आलं की चौकाचौकात फ्लेक्स लागतात, मिरवणूक निघते, आणि त्याच गावातलं शाळेचं मैदान लग्नाच्या मांडवाला आणि गाड्या लावायला दिलेलं असतं. मांडवाच्या खुंट्यांचे खड्डे पुढे कित्येक दिवस तसेच राहतात. त्यात पाय मुरगळतो तो पळणाऱ्या मुलीचा. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं स्पष्ट लिहिलंय. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक हवा, हेही लिहिलंय. कागद आपल्या बाजूचा आहे. मागणारे पालक कमी आहेत.

माझ्या पेशातल्या लोकांनाही एक सांगायचंय. दहा-बारा निवडक मुलींना घेऊन ढाल आणणं म्हणजे शाळेत खेळ असणं नव्हे. बाकीची सगळी शाळा कडेला बसून टाळ्या वाजवत असेल तर आपलं काम अर्धंही झालेलं नाही. एका मैदानाची चार छोटी मैदानं आखली, चौघीचौघींना बसवून खो दिला, तरी सगळा वर्ग एका तासात पळतो. आणि जो शिक्षक हरल्यावर मुलींवर हात उचलतो किंवा दुखऱ्या गुडघ्यावर सूर मारायला लावतो, त्याच्या सरावातून मुलीला तुम्ही जरूर काढा. मी सांगतोय ते चांगल्या हातातल्या खेळाबद्दल.

आता तुम्ही करायचं ते असं. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीला वेळापत्रक मागा. त्यात बहुधा शारीरिक शिक्षणाचे तास छापलेले असतील, कारण विषय अभ्यासक्रमात आहे आणि त्याची श्रेणी गुणपत्रिकेवर येते. ते तास प्रत्यक्षात कोण घेतं, एवढंच शांतपणे विचारा. एकटे जाऊ नका, दोन-चार मुलींच्या आयांना बरोबर घ्या. अभ्यासाचा ताण खरोखर असेल तर दहावीचा एखादा तास गणिताला द्यायला हरकत नाही, सगळे देऊ नका. आणि घरी आजींना एकदा सामना बघायला आणा. तालुक्याच्या स्पर्धा ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात. तारखा शाळेत क्रीडाशिक्षकांकडे मिळतील.