साठी ओलांडल्यावरही टेबल टेनिसमध्ये ऑलिम्पिक खेळता येतं का?

हो, येतं. नी शियालियान यांचंच बघा ना. जन्म 1963 चा, शांघायचा. 1983 च्या टोकियो जागतिक स्पर्धेत चीनकडून सांघिक आणि मिश्र दुहेरी अशी दोन सुवर्णं. पुढे चीन सोडून आधी जर्मनी, मग लक्झेंबर्ग. 1998 आणि 2002 मध्ये त्या युरोपच्या एकेरी विजेत्या होत्या. 2021 मध्ये, 58 व्या वर्षी, सारा द न्यूटसोबत जागतिक दुहेरीचं कांस्य! 2024 चं पॅरिस हे त्यांचं सहावं ऑलिम्पिक. तिथे 61 व्या वर्षी पहिली फेरी जिंकल्या, दुसऱ्या फेरीत चीनच्या सुन यिंगशाकडून हरल्या.

हे जमतं कसं? मला विचाराल तर खरी गंमत त्यांच्या रॅकेटमध्ये आहे. डावखुऱ्या आहेत, रॅकेट पेन धरल्यासारखी धरतात आणि एका बाजूला लाँग पिंपल्सचं रबर. त्याचे लांब, मऊ दाणे चेंडूला लागताच वाकतात, त्यामुळे समोरच्याने दिलेली फिरकी बऱ्याचदा उलटून त्याच्याच अंगावर येते. टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी) मारला की परत येताना बॅकस्पिन (मागच्या दिशेची फिरकी)! त्या टेबलाला चिकटून उभ्या राहतात आणि पळायला लावतात समोरच्याला.