तुमचे प्रश्न : गेम पार्लर टाकू का?

प्रश्न : दादा, दारव्ह्याला बस स्टँडच्या मागं आमचं 12 बाय 20 चं दुकान रिकामं पडून आहे, तिथं पोट्ट्यायसाठी व्हिडिओ गेम पार्लर टाकायचा विचार करून राहिलो. मशिनी कोणत्या घेऊ, नव्या का जुन्या? बाबा म्हणते, सगळ्यायच्या हातात मोबाईल आहे, तुह्याकडं येईन कोण? — एक वाचक, दारव्हा

उत्तर : भाऊ, बाबांचा प्रश्न तुमच्यापेक्षा भारी आहे, आधी त्याचंच पाहू. मोबाईलवर जे फुकट मिळते ते विकायला बसूच नका. स्टिअरिंग धरून पायानं ब्रेक दाबणं, बाजूला बसलेल्या दोस्ताला मोठ्या टीव्हीवर फुटबॉलमधी हरवून वरून चिडवणं, एअर हॉकी, हे मोबाईलवर होत नाही, पैसा तिथंच घाला. फक्त एअर हॉकीचं मोठं टेबल 8 बाय 4 फुटाचं असते, दोन्हीकडं उभं राह्यची जागा धरली की तुमच्या दुकानाचा मोठा भाग तिथंच जाते, म्हणून लहान टेबल पाहा.

जुनं कॅबिनेट, म्हणजे उभ्या पेटीवाली गेमची मशीन, एखादं घ्याच. मुस्तफा गेम आठवते न, कॅपकॉम कंपनीचा 1993 चा? तिघं मिळून खेळायचे. पोट्ट्यायसोबत आलेला बापच आधी तिकडं वळते, पाहा तुम्ही. घेताना मागचं दार उघडून पाहा. जॉयस्टिक अन् बटणाच्या आतला मायक्रोस्विच खराब असला तर टेन्शन नाही, तो बदलता येते, पण पिक्चर ट्यूबवाला जुना मॉनिटर दुरुस्त करणारा माणूस आता सहज सापडत नाही, एलईडी बसवलेला असन तरच घ्या. आतला गेमचा बोर्ड 56 पिनवाल्या जामा कनेक्टरचा (बोर्ड मशिनीला जोडायची ठरलेली पट्टी) असला की पुढं गेम बदलायला सोपं जाते.

टीव्हीला जोडायचा प्लेस्टेशन सगळेच ठेवतात, पण कंपनीच्या अटीत तो घरगुती वापरासाठी असते हे माहीत असू द्या. कॅबिनेट धंद्यासाठीच बनवलेलं असते.

आता लाईट. माझ्या मते अर्धे पार्लर इथंच मार खातात. पीएस5, म्हणजे प्लेस्टेशन 5, खेळताना 200 वॅटच्या आसपास घेते, टीव्हीचे 100 धरा, म्हणजे असे चार सेट तासाभरात सव्वा युनिट खातात, एसी लावला तर तेवढंच अजून. मीटर कमर्शियल करून घ्या, घरच्या मीटरवर धंदा चालवताना सापडले तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं बिल येते. व्होल्टेज खालीवर होते तिथं स्टॅबिलायझर पाह्यजे, अन् इन्व्हर्टर साईन वेव्हचाच. लाईट गेली तर पोट्टा गेम अर्धा राह्यला म्हणून पैसे वापस मागतेच, तेव्हा बॅकअप मशिनीइतकाच महत्त्वाचा. मे मधी 45 डिग्रीत कूलर लावाल, त्याची ओली हवा मशिनीवर येऊ देऊ नका, गंज चढते.

कर्ज काढलं तर हप्त्याचं जपून. सोयाबीन-कापूस विकला की दिवाळीच्या आसपास गावात पैसा खेळते, जून-जुलैत पेरणी अन् शाळेचा खर्च, तेव्हा तुमचं दुकान रिकामं राहीन, बँकेचा हप्ता मात्र तेवढाच. सरकारच्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50 हजारापर्यंत कर्ज मिळते, आधी दोन सेट अन् एक कॅबिनेट एवढ्याच मशिनीवर उन्हाळ्याची सुट्टी काढून पाहा.

प्रश्न : एक जण म्हणते, तुह्या गेम पार्लरमधी नंबर फिरणारी मशीन ठेव, महिन्याला भाडं देतो. ठेवू का? — एक वाचक, वरुड

उत्तर : नाही. पैसे लावून आकडा फिरला की तो जुगार, 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागते, अन् जागा तुमची म्हणून तुम्हीही त्यात येता. मशीनवाला त्या दिवशी फोन उचलत नाही. तुमच्या साध्या गेमसाठीही करमणुकीच्या परवान्याचं तहसीलमधी आधी विचारा, अन् शाळेच्या वेळात युनिफॉर्मवाला पोट्टा आला तर दारातूनच वापस पाठवा, नाहीतर पहिली तक्रार हेडमास्तरचीच येईन.