वसाहतकाळातले व्यवसाय शिकवताना गुलामांच्या व्यापाराचा विषय कसा काढावा?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या तुमच्या पाचवीच्या वर्गात 'वसाहतकाळातले व्यवसाय' हा प्रकल्प आहे, मुलं लोहार, मेणबत्तीवाला, पिंपं बनवणारा असे वेश करून येतात, आणि गुलामगिरी मात्र पुस्तकात निराळ्याच धड्यात येते. या दोन्हींची सांगड कशी घालायची?

मी ऱ्होड आयलंडमध्ये इतिहास शिकवतो, म्हणून इथलंच उदाहरण देतो. माझ्या मते भाषणापेक्षा एका जहाजाच्या मालाची यादी कामाला येते. 'सॅली' हे जहाज घ्या. ते १७६४ च्या सप्टेंबरात इथल्या प्रॉव्हिडन्स बंदरातून, गुलाम विकत घ्यायला आफ्रिकेला निघालं. मालक ब्राउन घराण्यातले चार भाऊ. कप्तान एसेक हॉपकिन्स, जो पुढे अमेरिकेच्या पहिल्या आरमाराचा प्रमुख झाला. मालात १७,२७४ गॅलन रम, मेणबत्त्या, कांद्याच्या जुड्या, बंदुका, तलवारी आणि हातापायांत घालायच्या बेड्या. यादी फळ्यावर लिहायची आणि एकच विचारायचं: यातली एकेक वस्तू कुणी बनवली असेल?

मुलांचं लक्ष आधी बेड्यांकडे जातं. लोहार पकडला गेला की सगळे खूश. तिथे थांबू देऊ नका. एवढी रम कशात भरली, हे विचारा. मग पिंपवाला येतो. त्याला पांढऱ्या ओकच्या फळ्या लागतात, म्हणून लाकूडतोड्या येतो. रम कशाची? मळीची. साखर कारखान्याच्या पट्ट्यातून आलेल्या पालकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. मळी यायची कॅरिबियन बेटांवरून, जिथे ऊस गुलामांकडून पिकवून घेत. ती भरून यायची ती पिंपंही बऱ्याचदा न्यू इंग्लंडच्याच, म्हणजे ऱ्होड आयलंड ज्यात येतं त्या ईशान्य अमेरिकेच्याच, लाकडाची. त्या मळ्यांवरच्या गुलामांना खायला न्यू इंग्लंडची खारवलेली मासळी जाई, त्यातही हलकी, इतर बाजारांत न खपणारी. म्हणजे कोळीही आला. जहाज म्हटलं की दोरखंड वळणारे, शिडं शिवणारे, डांबर लावणारे आलेच. अर्ध्या तासात वर्गातला जवळजवळ प्रत्येक 'व्यवसाय' त्या यादीशी जोडला जातो, आणि जोडणारी मुलंच असतात.

मोठ्या मुलांना १७६४ चंच आणखी एक कागद दाखवा. इंग्लंडने मळीवरचा कर वसूल करायचं ठरवलं तेव्हा ऱ्होड आयलंडने रीतसर तक्रार केली. तिच्यात लिहिलंय की वसाहतीत ३० हून जास्त रमच्या भट्ट्या आहेत, आणि गेली ३० वर्षं दरसाल सुमारे १८ जहाजं सुमारे १,८०० मोठी पिंपं रम घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जातात. हा कबुलीजबाब नव्हे. आमचा धंदा बुडेल हो, असं गाऱ्हाणं आहे. त्यामुळेच ते इतकं बोलकं आहे.

एका गोष्टीबद्दल मी हट्टी आहे. आफ्रिकी माणसं या धड्यात फक्त 'माल' म्हणून येता कामा नयेत. ऱ्होड आयलंडच्याच न्यूपोर्ट बंदरात हेच व्यवसाय गुलामही करत होते, पिंपांचे, दोरखंडाचे, दगडाचे. पॉम्पी स्टीव्हन्स हा गुलाम पाथरवट होता. १७६८ मध्ये वारलेल्या आपल्या भावासाठी, कफी गिब्ससाठी, त्याने थडग्याचा दगड घडवला आणि तो मी घडवला असं त्यावर कोरून ठेवलं. भावाभावांची आडनावं वेगळी का, हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात. उत्तर आहे: दोघांचे मालक वेगळे.

नक्कल मात्र करू नका. गुलामांच्या जहाजासारखं जमिनीवर पट्टी आखून मुलांना दाटीवाटीने झोपवणं, वर्गात खोटा लिलाव करणं, असले प्रकार मी होताना ऐकले आहेत. त्यातून यातना कळत नाही. हसू तरी येतं, नाहीतर एखादं मूल कायमचं दुखावतं. तीन बाणांचा तो 'त्रिकोणी व्यापारा'चा नकाशाही (रम आफ्रिकेला, माणसं कॅरिबियनला, मळी परत न्यू इंग्लंडला) मी शेवटी काढतो. आधी काढला की मुलं बाण पाठ करतात आणि माणसं विसरतात.

'पिंपवाला वाईट होता का?' हे कुणीतरी विचारणारच. घाईने निकाल देऊ नका. ब्राउन भावांची गोष्ट सांगा. मोझेसने १७७३ मध्ये आपले गुलाम मुक्त केले आणि पुढे या व्यापाराविरुद्ध लढला. जॉन त्या व्यापाराची उघड बाजू घेत राहिला, त्यापायी त्याच्यावर खटलाही झाला. आणि त्याच मोझेसने १७९० च्या सुमारास पॉटकेटच्या सूतगिरणीत पैसे घातले. अशा गिरण्यांना पुढे कापूस कुठून येऊ लागला, हे मुलांना शोधू द्या.

वर्गात मराठी घरातली मुलं असतील तर 'आपला काय संबंध?' हेही येईल. संबंध आहे. ब्रिटिश जहाजं पश्चिम आफ्रिकेत माणसांच्या बदल्यात जो माल देत, त्यात हिंदुस्थानी सुती कापडाचा मोठा वाटा होता. आणि पोर्तुगीज मोझांबिकहून माणसं गोव्याला आणून घरकामाला ठेवत. पाचवीला एवढं पुरे.

पुढे काय झालं ते वयाप्रमाणे सांगा. 'सॅली'वर १९६ माणसं विकत घेतली गेली, त्यांतली किमान १०९ मेली. २८ ऑगस्ट १७६५ ला त्यांनी उठाव केला, तेव्हा आठ जण मारले गेले. पाचवीला मी उठाव सांगतो, आकडे सांगतो, तपशील नाही. आठवीला हॉपकिन्सच्या हिशेबवहीचं पान दाखवतो. तिच्यात मृत्यूंची नोंद 'एक बाई', 'एक मुलगा' अशी आहे, नावं नाहीत. वही ब्राउन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. अक्षर किचकट आहे, म्हणून एखादं पान आधी स्वतः लावून बघा आणि वर्गात तेवढंच घ्या.