मास्कचा नियम सर्वांना सरसकट लावावा का?

प्रश्न : आमची लहानशी सेवाभावी संस्था कोथरूड आणि कर्वेनगर परिसरातील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना दुपारचा डबा पोहोचवते, तसेच काहींच्या घरी अंघोळ घालणे, औषधे देणे अशा कामांसाठी सेविका पाठवते. पावसाळ्यात सर्दी-तापाची साथ सुरू झाल्यापासून काही विश्वस्त सर्व कर्मचाऱ्यांना मास्क कायमचा सक्तीचा करावा म्हणतात. सेविका म्हणतात की दम लागतो. शिवाय एका आजींना मास्कमुळे बोलणेच कळत नाही. सरकारी सक्ती नसताना असा नियम करता येईल का?
– एक कार्यवाह, पुणे

उत्तर : राज्य शासनाने एप्रिल २०२२ मध्ये, गुढीपाडव्याच्या सुमारास, करोनाचे निर्बंध मागे घेतले आणि मास्क ऐच्छिक केला. तरीही आपल्या कामापुरता नियम संस्थेला करता येतो. मात्र तो लेखी असावा, त्यामागचे कारण कर्मचाऱ्यांना सांगितलेले असावे आणि दमा किंवा तत्सम त्रास असलेल्यांचा विचार त्यात झालेला असावा.

सरसकट सक्ती मात्र आम्हाला योग्य वाटत नाही. दारात डबा ठेवून निघणारा मुलगा आणि वीस मिनिटे आजोबांच्या तोंडाशी तोंड आणून त्यांना अंघोळ घालणारी सेविका यांच्यामुळे होऊ शकणारा संसर्ग सारखा नसतो. अंगाला हात लावून करायची कामे, बंद खोलीत बराच वेळ थांबणे, कर्करोगाचे उपचार सुरू असलेल्या किंवा श्वसनाचा जुना विकार असलेल्या व्यक्तीचे घर आणि परिसरात साथ असल्याचे दिवस, इतक्या ठिकाणी मास्क आवश्यक ठरवावा आणि बाकी ठिकाणी तो ऐच्छिक ठेवावा. घरातील ज्येष्ठांनी स्वतः मास्क लावण्याची विनंती केली, तर तिचा मान राखलाच पाहिजे.

रोजच्या कामाला तीन पदरी सर्जिकल मास्क पुरतो. रंगीत बाजू बाहेर, तार वर आणि ती नाकावर नीट दाबलेली असावी. फुप्फुसाच्या क्षयरोगाचा रुग्ण असलेल्या घरी, त्याचा संसर्गाचा काळ संपेपर्यंत, सेविकेला एन-९५ द्यावा आणि रुग्णाला सर्जिकल मास्क लावायला सांगावे. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगाचा असतो, आणि दाढी असलेल्या कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर तो तसा बसत नाही. झडप असलेले मास्क या कामासाठी घेऊ नयेत, कारण त्यांतून सेविकेचा उच्छ्वास न गाळताच बाहेर पडतो.

दम लागण्याची तक्रार खरी मानावी. लिफ्ट नसलेल्या इमारतीचे चार मजले चढून सेविका दारात पोहोचते तेव्हा तिचा मास्क घामाने ओला होऊन नाकाला चिकटलेला असतो. मग तो आपोआप हनुवटीवर येतो आणि ज्या खोलीत त्याची गरज असते तिथेच तो नसतो. म्हणून जिना मास्कविना चढू द्यावा, दाराशी दोन मिनिटे थांबून, हात स्वच्छ करून कोरडा मास्क लावावा आणि ओला झाला की बदलावा. यासाठी प्रत्येकीच्या पिशवीत दिवसाला निदान तीन-चार मास्क हवेत आणि ते संस्थेनेच द्यायला हवेत. कमी पगाराच्या सेविकेला ते स्वखर्चाने आणायला लावणे अन्यायाचे होईल.

त्या आजी बहुधा ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेत असाव्यात. सेविकेने खिडकीपाशी, थोडे अंतर राखून, मास्क काढून आजींशी बोलून घ्यावे आणि मग मास्क लावून कामाला लागावे. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून ठेवाव्यात. समोरच्या माणसाला आपले म्हणणे कळणे हाही सेवेचाच भाग आहे.

वापरलेले मास्क कात्रीने कापून, कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत, कारण आपल्या शहरात कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताई आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पगार कापला जाईल या भीतीने खोकत कामावर येणाऱ्या सेविकेच्या तोंडावर मास्क लावून ज्येष्ठांचे रक्षण झाले असे समजता येणार नाही. म्हणून ठरावाचे पहिले कलम असे असू द्यावे : ताप किंवा खोकला असलेल्या सेविकेने घरी राहावे, त्या दिवसांचा तिचा पगार कापला जाणार नाही आणि तिच्याकडच्या घरी कोण जाईल हे कार्यालयाने त्याच सकाळी ठरवावे.