फायनाइट डिफरन्समध्ये स्टेप फार लहान केली की उत्तर का बिघडतं?

तुम्ही साइन एक्सचा १ (रेडियन) पाशी डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, फायनाइट डिफरन्सने काढताय: जवळच्या दोन बिंदूंवरच्या किमतींची वजाबाकी, भागिले त्या बिंदूंमधलं अंतर. हे अंतर ठरवते ती स्टेप. स्टेप ०.१ वरून खाली आणली तसं उत्तर सुधारलं, पुढे बिघडायला लागलं आणि १० च्या उणे १६ व्या घातावर चक्क शून्य आलं. प्रोग्रॅम बरोबर आहे तुमचा. मला ही भानगड पहिल्यांदा कळली ती रत्नागिरीजवळच्या एका जेट्टीवर.

बीएस्सीच्या प्रोजेक्टसाठी भरतीचं पाणी किती वेगाने चढतं ते मोजायचं होतं. जेट्टीच्या खांबावर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा केल्या. दिवस पौर्णिमेचा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आमच्याकडचा हिशोब. १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. (खरं तर तिथीमागे सरासरी ४८ मिनिटं पडतात, पण तोंडी हिशोबाला पाऊण तास बरा.) मला दहा वाजताचा वेग हवा होता. जास्तीचा शहाणपणा करून मी दर मिनिटाला आकडा टिपत बसलो. एका मिनिटात पाणी तीन सेंटिमीटर चढलं, पुढच्या मिनिटात दोन उतरलं! शेजारी जाळं शिवत बसलेले तांडेलकाका म्हणाले, "अरे, भरती मोजतोस की लाटा?"

मग तासातासाचे आकडे घेतले: नऊला १६०, दहाला २१३, अकराला २४४. दहा ते अकरा धरलं, म्हणजे फॉरवर्ड डिफरन्स, तर मिनिटाला ०.५२ सेंटिमीटर. नऊ ते दहा धरलं तर ०.८८. नऊ ते अकरा, म्हणजे सेंट्रल, तर ८४ भागिले १२० = ०.७०. दिवसभराच्या नोंदींवर बसवलेला वक्र दहा वाजता ०.७३ सांगत होता. सेंट्रल ०.०३ ने चुकलं, ते पाण्याचा वेग एकसारखा बदलत नाही म्हणून. ही चूक स्टेप निम्मी केली की साधारण पावपट होते.

पण लाटेमुळे प्रत्येक आकडा दोनेक सेंटिमीटर इकडेतिकडे, म्हणजे वजाबाकीत चारपर्यंत गफलत. ती दोन तासांत वाटली तर मिनिटाला ०.०३, एक मिनिट मागे-पुढे घेऊन दोनच मिनिटांत वाटली तर २! मूळ वेगाच्या जवळजवळ तिप्पट. या आकड्यांवर पन्नासेक मिनिटांच्या खाली स्टेप नेण्यात फायदा नव्हता.

कॉम्प्युटरमधली लाट म्हणजे राउंड-ऑफ, संख्या ठरावीक अंकांत बसवताना होणारी चूक. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संख्या साठवायच्या नेहमीच्या प्रकारात, सुमारे १६ अंक मावतात. १ मध्ये १० चा उणे १६ वा घात मिळवला तरी मशीनला १ च दिसतो, दोन्ही साइन सारख्या येतात, वजाबाकी शून्य. त्याच्या अलीकडेही जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीत सुरुवातीचे बरोबर अंक उडतात आणि उरतो तो शेपटाचा कचरा.

तुमच्या उदाहरणात फॉरवर्डला १० चा उणे ८ वा घात, सेंट्रलला उणे ५ वा, याच्या आसपास थांबा.

मी तर ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्डसनची युक्ती वापरतो: स्टेप निम्मी केली की चूक पावपट होते, म्हणून दोन स्टेपची उत्तरं जोडून ती चूक उडवायची. याच माणसाने १९२२ च्या पुस्तकात डिफरन्स वापरून हवामान काढून पाहिलं होतं; सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल असं उत्तर आलं, प्रत्यक्षात तो जेमतेम हलला होता. मूळ नोंदींतल्या लाटा त्यालाही भोवल्या. असो. सेंट्रलने ०.१ ला ०.५३९४०२ येतं, ०.०५ ला ०.५४००७७. दुसऱ्याची चौपट, वजा पहिलं, भागिले ३: ०.५४०३०२. कोसाइन १ शी ताडून बघा, सहाही अंक जुळतात.