सिकलसेल : वर्गात काय सांगावे, काय टाळावे

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. शाळेत रक्ततपासणी झाल्यापासून काही मुलांना ‘सिकलसेलवाले’ म्हणून चिडवले जाते आणि त्यांच्यासोबत जेवायला इतर मुले तयार नसतात. हा विषय वर्गात कसा मांडावा?
– एक शिक्षिका

उत्तर : सिकलसेल हा रक्तातील तांबड्या पेशींचा आजार संसर्गजन्य नाही, हे सर्वांत आधी सांगा. तो आई आणि वडील अशा दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे जन्मतःच असतो. सोबत जेवल्याने किंवा एका पेल्याने पाणी प्यायल्याने तो कोणालाही होत नाही. नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेच्या पाठात हा आजार आलेलाच आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करावी. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर या आजारात विळ्याच्या आकाराची झालेली पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते, म्हणून अंगात रक्त कमी राहते. शिवाय या ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हातपाय, पाठ आणि छातीत तीव्र वेदना होतात. अशा मुलाला ‘नाटक करतो’ म्हणणे किती अन्यायाचे आहे, ते मुलांना यातून समजावता येते.

सर्वाधिक वेळ मात्र वाहक आणि रुग्ण यांतील फरकाला द्या. वाहकाकडे दोषयुक्त जनुक एकाच पालकाकडून आलेले असते आणि तो सहसा इतरांसारखेच निरोगी आयुष्य जगतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. ‘प्रत्येक’ हा शब्द ठासून सांगावा, कारण एक मूल रुग्ण निघाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, असा समज अनेक घरांत आढळतो. लग्नापूर्वी दोघांचीही तपासणी का करायची, हे याच वयात समजले पाहिजे. सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीतून वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते.

अहवाल वर्गात वाचून दाखवणे हा मुलांवर अन्याय आहे. तो केवळ मूल आणि पालक यांनाच सांगावा. रुग्ण मुलांना तासाच्या मध्येही पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मोकळीक हवी, कडाक्याच्या थंडीत उघड्यावर कवायत नको, आणि ताप, धाप किंवा छातीत दुखणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझी मुलगी सिकलसेलची रुग्ण आहे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिने घ्यावी का?
– एक पालक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तुटलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते आणि वरचेवर रक्त चढवले असेल तर ते आणखी साठते, म्हणून लोहाची गरज तपासूनच ठरवावी. फॉलिक ॲसिड हे नव्या रक्तपेशी बनायला लागणारे जीवनसत्त्व तिला स्वतंत्रपणे देता येते. हायड्रॉक्सीयुरिया हे वेदनांचे झटके कमी करणारे औषध चालू असेल, तर बरे वाटू लागले म्हणून ते स्वतःहून बंद करू नये आणि ठरलेल्या मुदतीत रक्त तपासून घ्यावे. वर्गशिक्षकांना हे लेखी कळवून ठेवा.